मागच्या महिन्यात जे नव्हतं

लॅबमध्ये त्यांना सगळे डागकाकू म्हणत. हे नाव फ्रेमवाल्यानं ठेवलं आणि बाईंनी ते मुकाट्यानं लावून घेतलं, कारण काम तेच होतं. फोटोवरचे डाग काढायचे. एकतीस वर्षं त्या हेच करत होत्या. पहिली सोळा वर्षं कागदावर वाकून, तीन-चार केसांच्या ब्रशनं. पुढची पंधरा संगणकासमोर, पडद्याला तिन्ही बाजूंनी काळा पुठ्ठा लावून, म्हणजे खिडकीचा उजेड मध्ये येत नाही.

ही लॅब लग्नाच्या फोटोंची नव्हे. इथे प्रदर्शनांत टांगायचे मोठे प्रिंट निघत आणि फोटोंच्या जाड पुस्तकांची पानं छपाईसाठी तयार होत. पाच फूट रुंद प्रिंट म्हणजे फिल्मवरचा खसखशीएवढा कण मसुरीएवढा होऊन भिंतीवर बसतो. तो आधी टिपायचा आणि त्याच्या जागी शेजारचाच रंग, शेजारचाच पोत असा भरायचा की तिथे काही होतं हे कोणाला कळू नये. डागकाकूंच्या हाताखालून गेलेला एकही प्रिंट कधी परत आला नव्हता. मालक नव्या गिऱ्हाइकाला त्यांच्या टेबलापाशी आणून उभा करी आणि म्हणे, "ह्या आमच्या काकू. यांच्या नजरेतून माशीचं पाऊलसुद्धा सुटत नाही." काकू मान वर करत नसत.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माहेरचा म्हणून एकच माणूस उरला होता, धाकटा भाऊ. बस डेपोत मेकॅनिक. त्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या संरक्षक भिंतीखाली, अकरा घरांच्या ओळीतलं तिसरं. एक रविवार सोडून एक रविवार काकू तिथे जेवायला जात.

म्हणूनच तो छायाचित्रकार पहिली फिल्म घेऊन आला तेव्हा काकूंनी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे माझ्या भावाचं घर."

छायाचित्रकार अडतिशीचा होता, हळू बोलणारा. त्याचा कॅमेरा लाकडी, पेटीसारखा, तीन पायांवर उभा राहणारा. त्याच्या कामाचा बेत साधा होता. समोरच्या उतारावर एका बंद कारखान्याची गच्ची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला तिथून तीच चौकट घ्यायची: वर भिंत, खाली अकरा घरं. तीस महिने, तीस फोटो. मग प्रदर्शन आणि पुस्तक. नाव ठरलं होतं, 'तेच'.

"खाली माणसं बदलत राहतील," तो म्हणाला. "दोरीवरचे कपडे, गाड्या, पोरांची उंची. वर भिंत तशीच. बघणाऱ्यानं तीसही फोटो ओळीनं बघितले की हे त्याच्या लक्षात यावं."

"म्हणजे भिंत तीसही वेळा सारखी दिसायला हवी," काकू म्हणाल्या.

"अगदी. रंग, काळोख, सगळं."

काकूंना असं काम आवडायचं. एकाच जागेच्या फोटोंच्या मालिकेसाठी त्यांची एक रीत होती, आणि लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती शिकवत. मागच्या महिन्याचा साफ केलेला फोटो एका पडद्यावर, या महिन्याचा कच्चा दुसऱ्यावर. भिंत, दगड, खांब, जे हलत नाही ते ताडून बघायचं. मागच्या महिन्यात जे नव्हतं ते घाण. काढून टाकायचं. या रितीनं त्यांचं काम निम्म्या वेळात होई आणि चूक म्हणून होत नसे.

सातव्या महिन्यात भिंतीवर एक केस आला.

फिल्मवर केस पडतातच. बारीक, वाकडी, काळसर रेघ. काकूंनी ती पुसली आणि कामाच्या कागदावर लिहिलं: केस, चार मिनिटं. आठव्या महिन्यात तो पुन्हा त्याच जागी होता. काकूंनी छायाचित्रकाराला फोन लावला.

"तुमच्या फिल्मच्या पेटीत केस अडकलाय. दर वेळी एकाच जागी उमटतोय."

"पेटी तर मी कालच पुसली, काकू."

"मग नीट पुसा."

पलीकडे काच कापत बसलेला फ्रेमवाला हसला. "भिंतीला कान असतात ऐकलं होतं. केसही फुटायला लागले?"

"तू तुझी काच बघ. बोट कापशील."

छायाचित्रकारानं पेटी बदलली. दहाव्या महिन्यात केस होताच, जरा लांब झालेला. काकूंनी तर्क लढवला की दोष पेटीत नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीत असणार, लाकडाचा तंतू सुटला असणार. तर्क वाईट नव्हता. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. फिल्मवरच्या केसाला भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं याच्याशी काही घेणंदेणं नसतं, तो दोन्हींवर आडवा पडतो. हा केस भिंतीच्या वरच्या कडेला येऊन थांबत होता. काकूंनी ते पाहिलं होतं. नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की पाहिलं होतं, आणि पुढे सरकल्या होत्या.

तो केस वरून तीन पायऱ्यांत उतरे, मग पाणी वाहून जायच्या भोकाला डावीकडून वळसा घाली आणि घरांच्या छपरांमागे जाई. पंधराव्या महिन्यापर्यंत काकूंचा हात न बघता ती वाट चालू लागला. कागदावरची मिनिटं वाढत गेली. नऊ, अकरा, पंधरा. तिसाव्या महिन्यात एकोणीस.

प्रदर्शन भरलं. लांबलचक पांढऱ्या खोलीत तीसही फोटो एका उंचीवर टांगलेले. लोक पहिल्यापासून शेवटापर्यंत चालत जात आणि उलटे परत येत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, पुस्तक हातोहात खपलं. अकरा घरांना एकेक प्रत भेट मिळाली. भावानं आपली प्रत दारासमोरच्या टेबलावर ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पान उघडून दाखवू लागला. "सोळावा महिना. ही माझी मोटरसायकल. आणि ही भिंत आहे ना, ती आमच्या ताईच्या हातची."

ओळीतल्या लोकांनी मिळून एक समिती केली होती. भाऊ तिचा सचिव. टेकडीवरच्या रस्त्यानं अलीकडे मालाचे मोठे ट्रक जायला लागले होते आणि काहींची तक्रार होती की घरं हादरतात. भावजय त्यांच्यातलीच. "वन्सं, तुमच्या भावाला सांगा जरा. मागचं दार तीनदा तासलं, तरी अडकतंय. बोळातल्या भिंतीला खाली चीर गेलीय."

"प्लास्टरची आहे ती," भाऊ म्हणाला. "तुला काय, सुतावरून स्वर्ग गाठायचा."

समितीच्या अर्जावरून नगरपालिकेचा अभियंता आला. बोळात वाकून त्यानं खालची चीर पाहिली. बोळ जेमतेम दीड हात रुंद. वर मान केली तरी पाण्याच्या टाक्या आणि छपरांचे पत्रे आड येतात, भिंतीचा वरचा भाग दिसत नाही. बाहेर आला तेव्हा भावानं त्याच्या हातात चहा आणि पुस्तक दोन्ही दिलं. अभियंत्यानं पानं उलटली. मग पुन्हा उलटली, सावकाश.

"हे बरं झालं," तो म्हणाला. "दर महिन्याचा फोटो, एकाच जागेवरून, इतका स्पष्ट. आमच्याकडेसुद्धा असली नोंद नसते. अडीच वर्षांत वरची भिंत जशीच्या तशी आहे. खालचं नुसतं प्लास्टर सुटलंय."

अहवालात त्यानं तसंच लिहिलं. पुस्तकाचं नावही लिहिलं.

त्यानंतरच्या रविवारी काकू जेवायला गेल्या. भावजय पाण्याची मोटर लावायला बोळात गेली, दार मागे अडकलं आणि तिनं बोळातून हाक मारली. काकूंनी खांदा लावून दार ढकललं आणि पहिल्यांदाच त्या बोळात उभ्या राहिल्या. समोर भिंत. छपराच्या पत्र्यामागून चीर खाली आली होती. टाकी आणि पत्रा यांच्या फटीतून वरचं पाणी जायचं भोक तेवढं दिसत होतं, आणि चीर त्याला डावीकडून वळसा घालून आली होती.

भावजय मोटरबद्दल काहीतरी सांगत होती. काकूंना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला होता आणि बोट हवेतल्या हवेत ती वाट चालत होतं. पुढचं वळण कुठे येणार हे बोटाला आधी कळत होतं.

"बरं वाटत नाहीये का, वन्सं?"

"नाही. म्हणजे, बरंय. तू आत हो आधी."

सोमवारी लॅब उघडायच्या आधी त्या दारात होत्या. फिल्मवरून घेतलेल्या कच्च्या प्रती लॅब पाच वर्षं जपून ठेवते. काकूंनी तीसही काढल्या, भिंतीचा तेवढाच तुकडा कापला आणि एकाखाली एक लावला. फ्रेमवाला चहा घेऊन आला आणि मागे उभा राहिला. वरून खाली एकेक तुकडा बघत गेला.

"हा तर उतरतोय," शेवटी तो म्हणाला.

"आणि रुंद होतोय. इथे बघ, विसावा. आणि हा तिसावा."

"काकू, हे तुम्ही पुसलंत?"

"चोवीस वेळा."

छायाचित्रकार दुपारी आला. ते तीस तुकडे पाहून खुर्चीत बसला. त्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, तो म्हणाला, पाय वर, डोकं खाली. तो फक्त चौकट जुळवत असे. घरी त्यानं पाहिले ते काकूंनी साफ केलेले. "मी तीस वेळा त्याच्यासमोर उभा होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापखान्यात होती. त्यानं ती थांबवली आणि कच्च्या प्रती कोणालाही दाखवायची परवानगी लिहून दिली. मालक मात्र म्हणाला, "काकू, तुमचं वय झालंय, चूक होते. पण गावभर सांगत सुटायची काय गरज? लॅबचं नाव जाईल."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या.

अवघड काम पुढे होतं. नगरपालिकेत अभियंत्यानं काकूंनी छापून नेलेले तुकडे उजेडाला धरले, खाली ठेवले आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्हीच तयार केलेत?"

"काढलेत. तयार नाही केले."

"आणि पुस्तकातलेही तुम्हीच. आता मला सांगा, बाई, मी कोणते खरे मानू? त्यातली रेघ पुसता येते, तर यात काढताही येत असेल."

 काकूंना ते खरंच येत होतं. अशी रेघ त्या वीस मिनिटांत काढू शकल्या असत्या, आणि जगातल्या कोणालाही ओळखता आली नसती. अभियंता म्हणाला, पुढच्या महिन्यात मोजणीचं पथक पाठवतो.

भाऊ जास्त चिडला. अहवालावर विसंबून त्यानं समितीत छातीठोकपणे सांगितलं होतं की भिंत भक्कम आहे. दोन बिऱ्हाडं घर सोडून जायला निघाली होती, त्यांना त्यानं थांबवलं होतं.

"तेव्हा पुसलंस, आता काढून आणलंस," तो म्हणाला. "मी विश्वास ठेवायचा तो नेमका कधी?"

"माझ्यावर नको ठेवूस. पोरीला आणि बायकोला घेऊन महिनाभर माझ्याकडे ये."

"तुझ्या एका खोलीत? आणि लोकांना काय सांगू? सचिव पहिला पळाला?"

"आत्या, मी येते तुझ्याकडे," आतून भाची म्हणाली. ती कॉलेजात होती.

"तू गप्प बस," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लॅबमध्ये रजा टाकली, एका पिशवीत चार कपडे भरले आणि भावाच्या घरी मागच्या खोलीत येऊन राहिल्या. बोळाला लागून असलेली ती खोली. भाऊ म्हणाला, हा काय हट्ट. काकू म्हणाल्या, "तू इथे सुखरूप आहेस ना, मग मीही आहे." भावजयीनं पदरानं डोळे पुसले आणि गादी घातली.

काचेची कल्पना फ्रेमवाल्याची. त्याचा बाप गवंडी होता. "फोटो राहू द्या, काकू. काच ताणली जात नाही, वाकत नाही. चिरेवर आडवी पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची. भिंत हलली की काच तुटते. त्यात कोणाचा हात नाही." त्यानं फ्रेमच्या काचेच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून दिल्या. काकूंनी भावाच्या हातूनच त्या लावून घेतल्या. स्वतः पट्टीला हात लावला नाही, फक्त सिमेंट कालवून दिलं. तीन पट्ट्या: गुडघ्याशी, कमरेशी, डोक्याच्या वर. भाऊ लावताना हसत होता. "चल, हेही करू. डागकाकूंची हौस."

पहिला दिवस सिमेंट वाळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ डेपोतून आला, बोळात डोकावला आणि मोठ्यांदा म्हणाला, "अजून शाबूत!" शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं. चौथ्या दिवशी वरच्या रस्त्यानं बावीस ट्रक गेले. काकू स्टुलावर बसून होत्या. प्रत्येक ट्रकबरोबर टाकीच्या झाकणाची कडी किणकिणत होती.

पाचव्या दिवशी भावाला सुटी होती. दुपारी सव्वाचारला तो बोळाच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता आणि बहिणीला म्हणत होता की उद्यापासून तू लॅबला जा, लोक हसायला लागलेत. तेव्हा आवाज आला. पेन्सिलीचं टोक मोडावं एवढा. वर ट्रक नव्हता, वारा नव्हता. कमरेची पट्टी मधोमध तुटली होती.

भाऊ जवळ गेला. तुटलेल्या दोन तुकड्यांमध्ये त्यानं नख घातलं. नख आत गेलं. तो तसाच उभा असताना डोक्यावरची पट्टी तुटली आणि काचेचा कपचा त्याच्या खांद्यावर पडला.

त्यानं कप खाली ठेवला आणि घरात वळून बायकोला म्हणाला, "गॅस बंद कर. कागदपत्रांची पेटी घे. पोरीला फोन कर, कॉलेजातून परस्पर ताईच्या खोलीवर जा म्हणावं." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त तो बहिणीकडे बघत नव्हता.

मग तो दारोदार गेला. काकू मागून चालत होत्या, खांद्याला आपली पिशवी, तुटलेली पट्टी रुमालात धरून. त्या दिवशी भावाला पहिल्यांदा कळलं की अभियंत्यासमोर बहिणीचं काय झालं असेल. "तूच तर सांगितलंस पक्की आहे म्हणून," पहिल्याच दारात त्याला ऐकून घ्यावं लागलं. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "आणि आता हे सांगतोय." कोणी शिव्या दिल्या, कोणी काच हातात घेऊन बघितली, कोणी न बोलता सामान बांधायला घेतलं. साडेपाचपर्यंत सात घरांना कुलपं लागली. चार घरं हलायला तयार नव्हती.

त्यातलं एक शिंप्याचं, सहावं. शिंपी सत्तरीचा, एकटा. दारातच मशीन, मशीनवर कोणाच्या तरी सदऱ्याची बाही. भाऊ पंधरा मिनिटं समजावून थकला आणि पुढच्या दाराकडे गेला. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"रेघ तिसऱ्या घरामागे," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "मी सहाव्यात. मला कशाला हलवता? बाकी पुस्तकात माझं घर छान आलंय हो, काकू. भिंत कशी, इस्त्री केल्यासारखी."

काकूंनी ते ऐकून घेतलं. "तुमचा बोळ बघू?"

"बघा की. दार जरा जोरात ओढा."

त्या आत जाऊन आल्या. पाच मिनिटं लागली. शिंप्यानं तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि काय दिसलं ते विचारलं नाही. काकूंनी पिशवीतून उरलेली एक पट्टी काढली, सिमेंटची पुडी काढली आणि मशीनवर बाहीच्या शेजारी ठेवली.

"ही तुम्ही लावा. तुमच्या हातानं."

"आणि?"

"आणि तुटली की निघा."

शिंप्याचा पाय पहिल्यांदा थांबला. त्यानं पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली, सुईचं भोक बघावं तशी. "सिमेंट वाळायला किती वेळ?"

"एक दिवस."

"मग उद्या या."

बाहेर भाऊ हाका मारत होता. रिक्षा आली होती, भावजय पेटी मांडीवर घेऊन बसली होती. काकूंनी त्याला हातानं पुढे जायची खूण केली. तो दोनदा ओरडला, मग मागे आला, दारातून बहिणीकडे आणि म्हाताऱ्याकडे बघून थांबला.

"तुम्ही दोघं सामान खोलीवर ठेवून या," काकू त्याला म्हणाल्या. "मी आहे इथे."

वरच्या रस्त्यानं ट्रक गेला. शिंप्यानं बाही मशीनवरून बाजूला केली, भिंतीकडचं स्टूल पायानं सरकवलं आणि वाटीत पाणी आणायला उठला.